एकोणीस म्हसू आणि परवाना नंबर एक

म्हसवाडीत म्हसू होते एकोणीस, आणि राजाच्या डेटाबेसात होता एकच!

गावची रीतच तशी. थोरला मुलगा झाला की ग्रामदैवत म्हसोबाचं नाव ठेवायचं. पिढ्यान्‌पिढ्या कुणाचं काही अडलं नाही. पण शिळंधर राजाने पाटाच्या पाण्याची यादी संगणकावर घेतली, आणि ते सॉफ्टवेअर माणूस ओळखायचं नुसत्या नावावरून. दुसरा म्हसू नोंदवायला जावं, तर म्हणायचं, 'हा आधीच आहे.' झालं! एकोणीस मळ्यांना मिळून एका म्हसूचं पाणी, आठवड्यातून एक तास. वांग्यांनी माना टाकल्या. कालपर्यंत एका चिलमीला बसणारे म्हसू खोरी उगारून एकमेकांच्या अंगावर जाऊ लागले.

त्यातल्याच एका म्हसूची लेक हौसा. तालुक्याला राहून संगणक शिकून आलेली. तिने सगळं सॉफ्टवेअर वहीत नव्याने मांडलं. प्रत्येक माणसाला वेगळा क्रमांक द्यायचा, मग नावं सारखी असली म्हणून काय बिघडलं? वही काखोटीला मारून ती राजधानीत गेली आणि परवानाप्रमुख त्र्यंबकराव शिक्केकरांपुढे उभी राहिली.

राज्याच्या डेटाबेसाला कुणी हात लावायचा, हे ठरवणारा हा गृहस्थ. परवाना नंबर एक त्याचा स्वतःचा, सोनेरी चौकटीत भिंतीवर टांगलेला. टेबलावर शिक्केच शिक्के. संगणकावर मात्र मखमली झूल, पोळ्याच्या बैलासारखी. ती कधी काढल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"परवाना?" शिक्केकरांनी नाक वर करून विचारलं.

"तोच मागायला आलेय, रावसाहेब."

"आधी चालतं सॉफ्टवेअर दाखव. मग परवाना."

"वहीत तयार आहे. चालवून दाखवायचं तर तुमच्या डेटाबेसाला हात लावावा लागेल."

"परवान्याशिवाय हात लावलास तर तुरुंग!"

"म्हणजे पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही म्हणता?"

"नियमाला अक्कल शिकवू नकोस, पोरी! एवढी अडचण आहे, तर अठरा म्हसूंनी नावं बदलावीत!"

हौसा तडक दरबारात गेली. पण राजा शिक्केकरांहून हेकट! नियम त्याने स्वतः लिहिलेले ना.

"परवान्याशिवाय हात नाही, आणि काम चालल्याशिवाय परवाना नाही!" राजा गरजला. "दोन्हींतला एकही न मोडता सूर्य मावळायच्या आत काम करून दाखव. नाही जमलं, तर म्हसवाडीचा पाट वर्षभर बंद!"

वर्षभर पाट बंद म्हणजे गाव उठलंच की! पण हौसाने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"चालेल, महाराज. मला फक्त परवाना असलेली दहा बोटं उसनी द्या."

"कुणाची?"

"शिक्केकरसाहेबांची! त्यांच्यापेक्षा मोठा परवाना कुणाचा?"

राजाला नाही म्हणायला जागाच उरली नाही. संगणक दरबारात आणला. झूल काढली, तर एवढी धूळ उडाली की प्रधान सात वेळा शिंकले. हौसा खुर्चीमागे दोन पावलांवर, हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

शिक्केकर खुर्चीत बसले. बसूनच राहिले.

"अहो, सुरू करा ना!" राजा म्हणाला.

"करतो, महाराज... हे... कुठून बरं करतात?"

"उजवीकडचं गोल बटण, रावसाहेब," हौसाने सांगितलं. दरबारात खसखस पिकली.

"आता आधी यादीची नक्कल करा."

"नक्कल कशाला? थेट खऱ्या यादीवरच करू!"

"नवा बैल पहिल्याच दिवशी वरातीच्या गाडीला जुंपता का? नक्कल करा!"

मग हौसा वहीतली एकेक ओळ तोंडपाठ सांगायची, आणि शिक्केकर एका बोटाने एकेक अक्षर हुडकायचे, गर्दीत हरवलेली चप्पल शोधावी तसे.

"स्वल्पविराम राहिला."

"एवढ्याशा स्वल्पविरामानं काय होतंय?"

"चालवून बघा."

चालवलं. पडदा लाल! शिक्केकरांना दरदरून घाम फुटला. निमूटपणे स्वल्पविराम घातला, पुन्हा चालवलं, हौसाने सांगितलेले उरलेले अठरा नोंदवले, आणि नकलेत एकाखाली एक एकोणीस म्हसू उभे! हौसाने प्रत्येकाचा मळा, पाळी, क्रमांक ताडून घेतला. मग तेच काम शिक्केकरांच्या बोटांनी खऱ्या यादीवर करवून घेतलं. सूर्य अजून कासराभर वर होता.

शिक्केकर ताडकन उठले. "महाराज! परवाना माझा, बोटं माझी! म्हणजे काम माझं, आणि इनाम द्यायचं तर तेही मलाच!"

"बरोबर आहे," हौसा म्हणाली. "नाव त्यांचंच घाला, महाराज. फक्त हे इतर गावांवर अजून तपासलेलं नाही. कुठे चुकलं, तर लोक यांच्याच दारात येतील. करणाऱ्यानेच निस्तरायचं ना? आत्ताच एक ओळ पुसायला सांगा, आणि ती पुन्हा लिहू दे यांनाच. मी बोलणार नाही."

शिक्केकरांचा चेहरा पांढराफटक!

"नको, नको! माझं कसलं काम, महाराज! मी नुसती बोटं हलवत होतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!"

हौसाने हात जोडले.

"मग महाराज, तुमचा परवाना बोटांना असतो की डोक्याला?"

राजा आधी लालबुंद झाला, आणि मग असा हसत सुटला, की मुकुट घरंगळून मांडीवर आला! "पोरी, काम चाललं आणि तुझा हातही लागला नाही! माझे दोन्ही नियम शाबूत, आणि दोन्ही निकामी!"

त्याने ती सोनेरी चौकट शिक्केकरांच्या भिंतीवरून उतरवून दरबारात आणायला लावली, आतलं नाव खोडलं आणि स्वतःच्या हाताने 'हौसा, म्हसवाडी' असं लिहिलं. शिक्केकरांची जागाही तिलाच दिली. दिवस मावळायच्या आत घोडेस्वार नवी यादी घेऊन दौडला, आणि म्हसवाडीच्या मळ्यांत पाणी शिरलं.