अनसूयाकाकूंचा झोपाळा

विनायकराव खोतांपुढे सगळं गाव चळाचळा कापे, पण धाकट्या भावाचं बरं झालेलं मात्र त्यांना बघवत नसे.

लेकीकडे राहायला निघालेल्या अनसूयाकाकूंचं घर ते विकत घेत होते.

"सामानासकट देऊ की रिकामं?" काकूंनी विचारलं.

"रिकामं! तुमचा तो झोपाळा म्हणजे नुसतं भंगार."

"बरं. मग तो तुमच्या भावाला देते, त्याला हवाय."

खोतांच्या पोटात दुखू लागलं. धाकटा ओटीवर झोके घेणार आणि आपण येताजाता बघायचं?

"काडीही हलवायची नाही! सामानासकट घेतो!"

किल्ली हातात पडताच ते ऐटीत झोपाळ्यावर बसले आणि फळीसकट खाली आले.

"काकू, भंगार गळ्यात मारलंत!" कंबर धरून ते ओरडले.

"भंगार आहे हे तुम्हीच सांगितलंत की," काकू म्हणाल्या. "आणि भावाच्या ओटीवर जातोय म्हटल्याबरोबर चांगला दिसला, तोही तुम्हालाच!"