कुस्ती झाल्यावर

एका गावच्या तालमीत दौलू नावाचा वस्ताद होता. पोरांच्या अंगावर नुसती नजर टाकली की कोण आजारी आणि कोण आळशी हे आपल्याला कळतं, असा त्याचा दावा. बहुतेक वेळा तो खराही ठरायचा, मग त्याला सांगायला जाणार कोण?

जत्रेचं मैदान जवळ आलं, तशी त्याच्या दोन पठ्ठ्यांची झोप उडाली. रंगाला जेवण जाईना, हिंदुरावलाही जाईना. रंगा दिसेल त्याच्यावर खेकसायचा, हिंदुराव कोपऱ्यात गप्प बसायचा. दौलूने दोघांना एकच औषध सांगितलं. "डोक्यावर कुस्तीचं ओझं आहे. मैदान झालं की मोकळे व्हाल."

मैदान झालं. रंगा चारी मुंड्या चीत झाला. आता हा खचणार, असं दौलूला वाटलं. पण पठ्ठ्या नदीवर अंघोळ करून आला, रश्शात भाकरी कुस्करून पोटभर जेवला आणि तालमीतच घोरायला लागला.

हिंदुराव जिंकला. गावाने त्याला खांद्यावर घेतलं, फेटा बांधला, गुलाल उधळला. त्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. पुढे पंधरवडा उलटला, तरी कुणी उठवल्याशिवाय तो अंथरूण सोडेना. जिंकल्याचा माज चढलाय, असं ठरवून दौलूने त्याला जास्तीच्या बैठका लावल्या. हिंदुरावने त्या मुकाट्याने काढल्या.

एका संध्याकाळी तो तालमीत आलाच नाही. घरीही नव्हता. पोराने जिवाचं काही बरंवाईट तर केलं नसेल ना, असं दौलूच्या मनात आलं. धावत सुटला तो थेट नदीच्या डोहापाशी थांबला. हिंदुराव काठावर एकटाच पाण्याकडे बघत बसला होता. दौलू न ओरडता त्याच्याजवळ जाऊन बसला आणि त्याने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"वस्ताद, जिंकलो तेव्हाही मला काही वाटलं नाही," हिंदुराव म्हणाला. "किती महिने झाले, कशाचंच काही वाटत नाही. कुस्तीची धास्ती असती, तर कुस्तीबरोबर गेली असती की."

दौलूला स्वतःची लाज वाटली. "माझी नजर चुकली, पोरा. तू आजारी आहेस, आणि मी तुला बैठका लावल्या. चल घरी."

सकाळी सरपंच आले. "तालुक्याच्या मैदानात हिंदुरावचं नाव दिलंय, वस्ताद. आता माघार घेतली तर गावाची अब्रू जाईल."

"जाऊ द्या," दौलू म्हणाला. "अब्रू पुन्हा मिळवता येईल. पोरगं गेलं तर कुठून आणू?"

त्याच दिवशी तो हिंदुरावला घेऊन शहरात मनाच्या आजारांच्या डॉक्टरांकडे गेला. उपचार बरेच दिवस चालले. हिंदुराव भ्याला, असं गाव म्हणत राहिलं. दौलू ऐकून घ्यायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्याच्यासोबत एसटीत बसायचा. एके दिवशी रंगाने कसलीशी थट्टा केली आणि हिंदुराव खुदकन हसला. दौलूने तोंड वळवून डोळे पुसले.

तात्पर्य: ताण बहुधा कारणाबरोबर येतो आणि कारणाबरोबर जातो. कारण सरलं, यशही मिळालं, तरी मन उठत नसेल, तर त्याला आळस म्हणून दटावू नये. आजार मानून सोबत करावी आणि वेळेवर डॉक्टरांकडे न्यावं.