तानी माळणीचं उकळतं पाणी

एक होती माळीण. तानी तिचं नाव. बाई मोठी हट्टी, बरं का! मन्या, पाय आवर तुझे, नाहीतर मी इथंच थांबते.

तर तानीची मोगऱ्याची बाग होती. तिच्या नवऱ्यानं लावलेली. नवरा गेला, मोगरा राहिला. त्या मोगऱ्यावर तिचा फार जीव. एकदा काय झालं, बागेत लव्हाळा शिरला. भारी चिवट गवत! वरून उपटलं तरी गाठ जमिनीत राहते, नि पुन्हा कोंब हजर. त्यातून हा जादूचा. मेला बोलायचा! "उपट, उपट! एक उपटशील, दहा येईन!"

राजा आला. बागेकडे बघून त्यानं नाक मुरडलं. "सगळं रान माजलंय. पुनवेपर्यंत साफ झालं नाही, तर नांगर फिरवून इथं घोड्यांची पागा बांधीन."

तानीनं पदर खोचला नि लव्हाळ्याला म्हणाली, "आता तू तरी राहशील, नाहीतर मी!"

मग तिनं घरातली मिठाची बरणी आणून ओतली. लव्हाळा सुकला, पण शेजारचा मोगराही सुकला! मिठाला काय कळतंय, मोगरा कुठला नि गवत कुठलं! तानी ढसाढसा रडली गं.

मग तिनं आंबटढाण शिरका आणला, लोणच्यात घालतात ना, तो. शिंपडला. पानं करपली, पण खालच्या गाठी शाबूत. पुन्हा कोंब आले.

मग चुलीवर हंडा चढवला. पाणी खळखळा उकळलं. पण तानीच्या घरची रीत अशी, की जिवाजंतूंना सांगितल्याशिवाय गरम पाणी जमिनीवर ओतायचं नाही. म्हणून ती म्हणाली, "जमिनीतल्या लेकरांनो, सरका रे!" मुंग्या सरकल्या, गांडुळं सरकली. आणि लव्हाळाही सरकला! तोही जमिनीतलाच की! सगळं पाणी वाया.

शेजारीण म्हणाली, "अगं, न सांगता ओत की."

"आणि गांडुळं भाजू देऊ? ते नाही जमायचं मला!"

पुनव उद्यावर आली. तानीनं पुन्हा हंडा चढवला. मोगऱ्याच्या बुंध्यांना ओली पोती गुंडाळली. मग खाली वाकून एकेकाला हाक मारली. "मुंग्यांनो, सरका. गांडुळांनो, सरका. गोगलगायबाई, तुम्ही जरा लवकर निघा."

सगळे सरकले. लव्हाळा आपला हाकेची वाट बघतोय. शेवटी घाबरून ओरडला, "अगं तानी, मी राहिलो की!"

"तुला कुणी हाक मारली?" असं म्हणून तिनं पाणी ओतलं, पार मुळाशी. गाठ नि गाठ शिजली.

सकाळी राजा आला. बाग स्वच्छ, मोगरा फुललेला. राजा ओशाळला. म्हणाला, "पागा दुसरीकडे बांधू. राणीसाठी एक गजरा दे."

तानी म्हणाली, "महाराज, आजची फुलं ज्यानं मोगरा लावला त्याची. तुमचा गजरा उद्या."

आणि राजा असून तो उद्यापर्यंत थांबला, बरं का! पुढं तानी सुखात राहिली, मोगरा सुखात राहिला, गांडुळंसुद्धा. चला, पांघरुणं घ्या नि डोळे मिटा बघू.