हलक्या गाड्या गेल्या कुठे?

"माझ्या राज्यातल्या हलक्या गाड्या कुणी पळवल्या?" धुंडिराज महाराज भर दरबारात सिंहासनावरून गरजले.

प्रधानजी चाचरत म्हणाले, "महाराज, पळवल्या नाहीत कुणी. पण पाच वर्षांपूर्वी ऐंशी बैलगाड्या हलक्या होत्या नि वीस जड. दरवर्षी जड वाढत गेल्या, आता बरोब्बर उलटं झालंय! जड गाडीला लाकडी पुलावर बंदी, त्यामुळे बाजारात गूळसुद्धा येईना."

"गूळ नाही?" महाराज कळवळलेच! गुळाच्या पोळीवर त्यांचा फार जीव. "म्हणजे हा भिवा सुतार गुपचूप जाड फळ्या ठोकतो! भिवा, सोमवारी पुन्हा जोखणार. तोवर गाड्या हलक्या कर. पण फळी काढायची नाही, चाक बदलायचं नाही आणि नवी गाडी करायची नाही!"

"पण मायबाप, गाड्या त्याच हायेत..."

"गप्प! नाही जमलं तर राज्याबाहेर हो!"

बिचारा भिवा घरी येऊन करवत, रंधा गाठोड्यात बांधू लागला. डोळ्यांतलं पाणी थांबेना. त्याची लेक येसू पुढ्यात येऊन बसली.

"आबा, गाड्या जोखतात कशा, ते सांगा बघू."

"ओल्या मातीवरनं हाकायच्या. चाक बोटभर रुतलं की हलकी, चार बोटं रुतलं की जड. अन् दर गाडीत महाराज सोता बसनार. वाडवडलांची रीत हाय ती."

येसू पोट धरधरून हसली. "आबा, गाठोडं सोडा!"

सोमवारी ती महाराजांपुढे हात जोडून उभी राहिली. "महाराज, आज गाडीत आपल्याऐवजी आपली तलवार बसवा."

"का म्हणून?"

"नवरदेव लढाईवर असला की त्याच्या तलवारीशी लग्न लागतं. नवरीला चालतं, मग गाडीला का चालू नये?"

खुद्द राणीसाहेबांचं लग्न असंच लागलेलं! महाराजांना नाही म्हणता येईना. तलवार गादीवर ऐटीत बसली आणि गाड्या निघाल्या. चाकं जेमतेम बोटभर रुतली! वीस जुने खटारे तेवढे जड ठरले, बाकी ऐंशी गाड्या हलक्या!

महाराज चक्रावले. "पोरी, गाड्या त्याच, माती तीच! मग वजन गेलं कुठं?"

प्रधानजी घाईघाईने आकाशाकडे बघू लागले. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलणार कोण? भिवाने तर डोळेच मिटले.

येसू शांतपणे म्हणाली, "महाराज, अख्ख्या राज्याचा भार आपल्या एकट्यावर. आपण बसलात की तो सगळा गाडीवर येतो. आणि आपलं राज्य तर दरवर्षी वाढतंय!"

महाराजांनी खाली पाहिलं. स्वतःचे पाय काही दिसेनात, मध्ये भलंमोठं पोट! क्षणभर ते गोरेमोरे झाले, आणि मग असे हसले की मुकुट नाकावर आला.

"वाढतंय खरं! पार कमरपट्ट्याची सीमा ओलांडलीय! भिवा, आजपासून तू दरबारचा सुतार. आणि पोरी, ही खिल्लारी बैलजोडी तुझी. चला, गाडी जुंपा, मी स्वतः तुम्हांला घरी सोडतो!"

"नको महाराज!" येसू ओरडली. "बैल घरापर्यंत तरी पोचू द्या!"