ओढ्याच्या खालच्या अंगाला

ज्यांच्या दाराशी घाण कधी साचतच नाही, तेच घाणीबद्दल ठराव करून मोकळे होतात.

राजा अजून सभेला विचारून कारभार करायचा, तेव्हाची गोष्ट. रानातली मेलेली जनावरं कावळे साफ करायचे, पण कलकलाट फार. सभेत कोल्हा म्हणाला, “हे काम तरसाला देऊन टाका. गुपचूप करेल.”

“अहो, आम्ही ओरडतो म्हणून तर घाण कुठं पडलीय ते कळतं!” म्हातारा कावळा म्हणाला. सगळे हसले. पिल्लांची झोपमोड होते म्हणून वैतागलेल्या सशिणीनेही तरसाच्या बाजूने कान उभारले. ठराव मंजूर झाला आणि कावळे रान सोडून गेले.

पुढे ओढ्याच्या खालच्या अंगाला, सशिणीच्या बिळाजवळ, एक रानडुक्कर पाण्यात मरून पडलं. कुणी ओरडलं नाही. पाणी नासलं, पिल्लं आजारी पडली. सशीण तरसाकडे धावली.

“ताई, महाराजांची वाट मी रोज साफ करतो,” तरस म्हणाला. “तुमचं बीळ त्या वाटेवर येत नाही.”

ती सभेत गेली. सिंह म्हणाला, “मला तर सगळं रान स्वच्छ दिसतं.”

सशिणीचे कान खाली पडले.

तिच्या मागोमाग त्याच ओढ्यातून आलेला बेडूक म्हणाला, “मग महाराज, आज पाणी प्यायला आमच्याकडे या.”