पुनाजीचं पांढरं फडकं

ही गोष्ट सांगू नकोस, असं आईनं मला बजावलंय. तरी सांगते, पण हळू आवाजात.

फार वर्षांपूर्वी, आमच्या किनाऱ्याला पायवाटसुद्धा धड नव्हती तेव्हा, पुनाजी नावाचा टेहळ्या होता. रापणीचं, म्हणजे होडीतून टाकून किनाऱ्यावरून ओढायचं जाळं कुठे टाकायचं ते होडीतून कळत नाही. मासळीचा थवा उंचावरून दिसतो, पाण्यावरच्या काळसर डागासारखा. म्हणून टेहळ्या कड्यावर उभा राहून पांढरं फडकं हलवतो. फडकं उजवीकडे, की होडी उजवीकडे. फडकं खाली, की जाळं पाण्यात. एकदा पुनाजीनं कड्यावरूनच थव्यातले मासे मोजले आणि जाळ्यात नेमका एक कमी भरला. तो एक घारीनं नेला होता, असं म्हणतात.

"ह्यांका समुद्राच्या तळातली सुई दिसता," त्याची बायको भागू म्हणायची, "फक्त बायलेचा रागावलेला तोंड दिसत नाय."

मग एका वर्षी पुनाजीला धुरकट दिसू लागलं. जेवताना तो भाकरीसाठी ताट चाचपायचा. भागूनं ते ओळखलं.

"गावाक सांगान टाका," ती म्हणाली.

"सांगलंय तर माका कोण इचारतलो?" पुनाजी म्हणाला आणि कड्यावर चढला. पक्षी कुठे ओरडतात त्यावरून थव्याचा अंदाज बांधत त्यानं दोन महिने काढले.

आश्विनातल्या एका सकाळी पक्षी गप्प होते. खाली होडीत आठ माणसं खोळंबली होती. पुनाजीला काळसर डाग दिसला आणि त्यानं फडकं उजवीकडे हलवलं. तो थवा नव्हता, पाण्याखालचा खडक होता. होडी फुटली. सगळे पोहत किनाऱ्याला लागले, पण सुकाणूवरच्या गंगारामाचा पाय कायमचा अधू झाला.

आणि गावानं गंगारामालाच धरलं. "पुनाजीन बरोबर दाखवल्यान. तुझे डोळे फुटले हुते काय रे?" पुनाजीच्या मात्र लोक पाया पडत. कोणी वाकलं की त्याला वाटे, आपण वाळूत गडप व्हावं.

एक दिवस सगळं गाव किनाऱ्यावर असताना गंगाराम काठी टेकत आला आणि पुनाजीलाच म्हणाला, "पुनाजीदा, माजा चुकला. माफ कर."

तेव्हा पुनाजी गंगारामाच्या पायाशी बसला. "माका दिसत नाय," तो म्हणाला. "कितीतरी म्हयने झाले. होडी माज्यामुळे फुटली."

लाजेनं त्यानं फडक्यात तोंड लपवलं. रडून रडून फडकं भिजलं, त्यातलं पाणी ओघळत समुद्राला मिळालं आणि थवा आपण होऊन किनाऱ्याला आला. बायकांनी पदरात मासे भरले, असं म्हणतात. पुनाजीनं ते पाहायलाही मान वर केली नाही. मरेपर्यंत ती खालीच राहिली.

अजूनही पहिल्या रापणीच्या सकाळी गाव टेहळ्याला विचारतं, "पुनाजीच्या नावान सांग, दिसता?" जो "दिसत नाय" म्हणतो, त्याच्या घरी मासळीची पहिली टोपली जाते. आणि जो त्याला हसेल, त्याला वर्षभर जाळ्याला हात लावता येत नाही.

यंदाचे टेहळे माझे बाबा आहेत. गेला महिनाभर ते मला चपलांच्या आवाजावरून ओळखतात. उद्या पहिली रापण. मघाशी मी त्यांना विचारलं, "बाबा, उद्या खरा सांगशात मा?" तेव्हा बाबांनी माझा हात घट्ट धरला आणि...

आले गं आई, आले!