खिशात नसलेली काडेपेटी

एकदा एक पाळक होते. गोदाकाठच्या एका लहान गावात, कौलारू छपराच्या दगडी चर्चमध्ये त्यांनी तीस वर्षे ख्रिस्ती मंडळीची सेवा केली. लहानथोर सगळे त्यांना बाबा म्हणत. बाबांच्या ठायी विद्या होती, माया होती, प्रार्थनेचे बळ होते. खोट म्हणाल तर एकच होती. बाबा विलक्षण विसराळू आहेत, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती होती.

वेदीवरच्या दोन मेणबत्त्या पेटवून उपासनेला आरंभ करायचा, अशी तेथील रीत. दर रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला बाबा वेदीपाशी जात, झग्याचा उजवा खिसा चाचपत, मग डावा चाचपत आणि मंडळीकडे वळून म्हणत, "काडेपेटी नाही बुवा माझ्याकडे."

की दुसऱ्या बाकावरून करुणाबाई उठत. चर्चसमोरच्या घरात एकट्या राहणाऱ्या या विधवा बाई. "आणते की बाबा, तुम्ही थांबा," असे म्हणत त्या लगबगीने घरी जात, चुलीजवळची काडेपेटी घेऊन येत आणि स्वतःच्या हाताने दोन्ही मेणबत्त्या पेटवत. तोवर सगळी मंडळी स्वस्थ बसून राही. कुणाला त्याचे काही वाटत नसे.

पुढे गीत सुरू होई. बाबा पहिली ओळ नको तितक्या वरच्या पट्टीत उचलत आणि दुसऱ्या ओळीला अडकून पडत. मग मागून बर्नबासमामांचा भरदार आवाज येई. मामा एस.टी.तून निवृत्त झालेले चालक. "बाबा, तुम्ही गाडी थेट चौथ्या गिअरमधी टाकता. सरका, मी घेतो," असे म्हणून ते गीत खाली उतरवत आणि सगळ्यांना बरोबर घेऊन शेवटच्या कडव्यापर्यंत नेत. त्यानंतर बाबा विचारत, "आज कुणाकुणासाठी प्रार्थना करायची?" मग कुणी शेजारणीच्या गुडघ्यांचे सांगे, कुणी भावाच्या कोर्टाच्या तारखेचे. यात अर्धा तास सहज जाई.

या बाबांच्या हाताखाली उमेदवारी करण्यासाठी नथनेल नावाचा एक तरुण आला. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत तो पहिला आलेला होता. मनाने निर्मळ, कामाला वाघ. येत्या कापणीच्या सणानंतर बाबा निवृत्त व्हायचे होते आणि मंडळी नथनेलच्या हाती यायची होती. बाबांवर त्याचा फार जीव जडला. त्यामुळेच दर रविवारी त्यांना खिसे चाचपताना पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखे होई. एकदोघा पाहुण्यांपाशी त्याने बाबांच्या वतीने दिलगिरीही व्यक्त केली. "वय झालंय त्यांचं," तो हळू आवाजात म्हणाला. पाहुण्यांनीही समजूतदारपणे मान हलवली. गुरूच्या म्हातारपणाची काळजी वाहण्यात शिष्याला एक गोड समाधान असते. तेही नथनेलला मिळत होते.

पुढे बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. एकामागून एक अशा दोन शस्त्रक्रियांसाठी ते शहरात बहिणीकडे गेले, ते नऊ आठवड्यांसाठी. जाताना नथनेलच्या हाती चर्चची किल्ली देऊन म्हणाले, "मंडळी सांभाळ."

नथनेलने मनाशी ठरवले, की बाबा परत येतील तेव्हा त्यांना एकही उणीव दिसता कामा नये. त्याने डझनभर काडेपेट्या आणल्या. एक खिशात ठेवली, बाकीच्या वेदीमागच्या कपाटात. शहरातल्या मित्राकडून गीतांच्या चाली पेनड्राइव्हवर भरून घेतल्या आणि नवा स्पीकर बसवला, म्हणजे पट्टी चुकायला नको. आजाऱ्यांची नावे आठवडाभर फोनवर मागवून तो त्यांची यादी छापून घेई आणि रविवारी स्वतः वाचून दाखवी.

पहिल्या रविवारी नऊ वाजता करुणाबाई सवयीने उठल्या. तोवर दोन्ही मेणबत्त्या पेटल्या होत्या. त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या आणि परत बसल्या. त्या दिवशी उपासना बरोबर एका तासात संपली. लोकांनी नथनेलची तोंड भरून स्तुती केली. "आता कसं घड्याळासारखं चाललंय!" एक वडीलधारे म्हणाले. दुसऱ्या रविवारी शेजारच्या गावाहून दोन कुटुंबे मुद्दाम पाहायला आली. नथनेलने त्या दिवशी गुडघे टेकून देवाचे आभार मानले.

चौथ्या रविवारपासून लोक जरा उशिरा येऊ लागले. घड्याळासारखे चालणाऱ्या गोष्टीला आपण पाच मिनिटे उशिरा पोचलो तरी ती चालतेच. पाचव्या रविवारी करुणाबाई शेवटच्या बाकावर दिसल्या. यादी वाचली जाई, पण ती ऐकून कुणी कुणाकडे डबा घेऊन गेले नाही. यादीत नाव आहे म्हणजे पाळकसाहेब पाहतीलच, असे ज्याला त्याला वाटले. सातव्या रविवारी बर्नबासमामांची जागा रिकामी होती आणि करुणाबाईही नव्हत्या. आठव्या रविवारी ती दोन नवी कुटुंबेही आली नाहीत. बाकांवर बोटांवर मोजण्याइतकी माणसे होती आणि स्पीकरमधून मात्र शंभर माणसांचा आवाज येत होता.

नथनेल घाबरला. तो दुपारीच करुणाबाईंच्या घरी गेला. बाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी पुढ्यात पाट सरकवला, पाणी दिले.

"तब्येत बरी आहे ना, करुणाबाई? दोन रविवार दिसला नाहीत."

"मला काय धाड भरलीय, साहेब? बरी हाय मी."

"मग माझं काही चुकलं का?"

"तुमचं कशाला चुकंल?" बाई घाईने म्हणाल्या. "तुमचं सगळं लई छान चाललंय. माझ्यावाचून काय अडत नाही तिथं."

त्या हे रागाने म्हणाल्या असत्या तर नथनेलला उत्तर सुचले असते. पण त्या अगदी मनापासून त्याचे कौतुक करत होत्या. तो पाणी पिऊन परत आला. बर्नबासमामांकडे जायचे धैर्य त्याला झाले नाही.

नवव्या रविवारनंतर बाबा परतले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात औषधाची पिशवी. नथनेल त्यांच्यापाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. "बाबा, मी कशात कसूर केली नाही. देवाशपथ सांगतो, एक गोष्ट विसरलो नाही. तुम्ही तीस वर्षं जमवलेली मंडळी मी नऊ आठवड्यांत घालवली. मला दुसरीकडे पाठवा. या माणसांचं माझ्या हातून भलं होणार नाही."

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. येता रविवार कापणीच्या सणाचा होता. बाबांनी एवढेच सांगितले, "रविवारी माझ्याबरोबर चल. उपासना तूच चालवायची. मी बाकावर बसणार."

रविवारी सकाळी बाबांनी चहा केला. गॅस पेटवून झाल्यावर काडेपेटी सवयीने सदऱ्याच्या खिशात टाकली. घरातून निघताना मात्र ते उंबऱ्याशी थांबले. त्यांनी खिशात हात घातला, काडेपेटी बाहेर काढली आणि फडताळात तेलाच्या बरणीशेजारी नीट ठेवून दिली. मग नथनेलपुढे हात पसरला. "तुझीही दे."

नथनेल पाहतच राहिला. "बाबा, म्हणजे तुम्ही... दर रविवारी?"

"अकरा वर्षं," बाबा म्हणाले.

"पण तुम्ही तर विसरत होता!"

"मी विसरलो असं कधी म्हटलं? माझ्याकडे नाही म्हणत होतो, आणि ती खरोखर नसायची." बाबा चष्म्याआडून हसले. "तुम्ही सगळ्यांनी मिळून मला म्हातारा ठरवलंत. मीही म्हटलं, ठरवू दे."

नथनेलला आपण पाहुण्यांपाशी मागितलेली क्षमा आठवली आणि त्याचे कान तापले. बाबा फडताळाला टेकून उभे राहिले आणि सांगू लागले.

"पहिल्यांदा मी खरंच विसरलो होतो. करुणाबाईचा नवरा गेला त्या वर्षीची गोष्ट. चार महिने ती बाई दाराबाहेर पडली नव्हती. मी रोज जायचो, वचनं वाचायचो, प्रार्थना करायचो. ती भिंतीकडे बघत बसायची. मग एका रविवारी काडेपेटी घरी राहिली. मी चर्चच्या पायरीवर येऊन नुसताच ओरडलो, कुणाकडे काडेपेटी आहे का रे? तर ही बाई समोरच्या दारातून पळत आली. हात भाकरीच्या पिठानं भरलेले. तिनं मेणबत्ती लावली आणि तिथंच खाली बसून राहिली. चार महिने मी तिला देत होतो, नथनेल, आणि तिला घेववत नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्याकडून काही घेतलं. तेव्हापासून मी काडेपेटी नेत नाही. गाता मात्र मला खरंच येत नाही हं, त्यात काही खोटं नाही. पण बर्नबासनं सावरावं म्हणून मी शिकायचंही टाळलं.

"तू मंडळीला काही कमी पडू दिलं नाहीस, हे खरं आहे. पण आपल्यालाही त्यांचं काही लागतं, हे तू त्यांना कळू दिलं नाहीस. आज आभाराचा सण. लोक शेतातलं पहिलं पीक आणून देवापुढे ठेवतील, उपकार मानतील. पण आपण पाळक मंडळी त्यांचे उपकार कधी मानतो? ज्याचं कुणावाचून अडत नाही, त्याला आभार मानता येत नाहीत, बाळ. तो फार तर शाबासकी देतो. बायबलात आहे बघ, प्रभूनंसुद्धा विहिरीवर एका परक्या बाईला काही द्यायच्या आधी तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं."

नथनेलने विचारले, "आणि कुणीच काडेपेटी आणली नाही तर?"

"तर मेणबत्तीवाचून उपासना करायची. दोनदा तसं झालंय. देवानं ऐकलं नाही असं काही मला आढळलं नाही."

नथनेलने खिशातली काडेपेटी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

चर्चमध्ये वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे, कांद्यांच्या माळा, अंड्यांची टोपली मांडलेली होती. बाबा परतल्याचे कळल्यामुळे माणसेही बरीच आली होती. बर्नबासमामा एका कोपऱ्यात हाताची घडी घालून बसले होते. नथनेलची नजर दुसऱ्या बाकावर गेली, मग शेवटच्या बाकावर. करुणाबाई कुठेच नव्हत्या.

नऊ वाजले. नथनेल वेदीपाशी गेला. खिसे रिकामे आहेत हे ठाऊक असूनही त्याने ते चाचपले, कारण हातांना दुसरे काही सुचेना. "काडेपेटी नाही माझ्याकडे," तो म्हणाला. कुणी हलले नाही. साहेब थट्टा करत आहेत, असेच सगळ्यांना वाटले. एका शेतकऱ्याचा हात विडीच्या खिशाकडे गेला, पण पहिल्या बाकावरच्या बाबांकडे बघून तो लाजून मागे आला.

मग नथनेल मधल्या वाटेने चालत दारापर्यंत गेला आणि पायरीवर उभा राहिला. समोर करुणाबाई स्वतःच्या अंगणात उभ्या होत्या. धुवट पांढरे लुगडे नेसलेल्या, चर्चला निघाव्या तशा, आणि न निघालेल्या.

"करुणाबाई," तो रस्त्यापलीकडे ओरडला, "माझं अडलंय हो! काडेपेटी आहे का?"

बाई घरात गेल्या नाहीत. तशाच रस्ता ओलांडून आल्या, पायरी चढल्या आणि पदराच्या टोकाची गाठ सोडू लागल्या. गाठ घट्ट बसली होती. सोडता सोडता पुटपुटल्या, "नऊ रविवार झाले बांधून ठिवलीय. तुम्ही मागतच न्हवता."

गाठीतून काडेपेटी निघाली. नथनेलला पुढचे काही दिसेना. त्याने डोळे पुसले आणि सगळ्यांच्या देखत हात जोडले. "उपकार झाले, करुणाबाई. फार उपकार झाले."

"काडेपेटीचे कसले उपकार, साहेब?" असे म्हणत त्यांनी दोन्ही मेणबत्त्या पेटवल्या आणि त्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

त्या दिवशी स्पीकर बंदच राहिला. नथनेलने आभाराचे गीत उचलले खरे, पण स्पीकरवाचून पट्टी सापडेना आणि दुसऱ्या ओळीलाच तो अडकला. हे काही त्याने मुद्दाम केले नव्हते. कोपऱ्यात हाताची घडी सुटली, मग खाकरल्याचा आवाज आला. "सरका साहेब, मी घेतो," बर्नबासमामा म्हणाले आणि सगळी मंडळी त्यांच्या मागोमाग गाऊ लागली. पहिल्या बाकावर बाबा नेहमीप्रमाणे बेसूर गात होते.

आपल्या मंडळीत, घरात किंवा कचेरीत पुष्कळ दिवसांत कुणाच्या काडेपेटीची गरज पडली नसेल, तर एकदा आपला खिसा घरी रिकामा करून निघावे.